टेकडीवर झाड कुणी लावलं?

फेब्रुवारीत पुण्याची वेताळ टेकडी गुलाबी होते. पानं झडून गेलेली असतात आणि करड्या, लांबसडक फांद्या फिकट गुलाबी फुलांनी लगडलेल्या असतात. त्या पंधरा-वीस दिवसांत पहाटे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची झुंबड उडते. कुणी त्याला पुण्याची चेरी म्हणतं, कुणी टेकडीवर निसर्ग कसा परत आला याचं कौतुक करतं. झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. शास्त्रज्ञ त्याला ग्लिरिसिडिया म्हणतात, वन खातं गिरिपुष्प आणि शेतकरी उंदीरमारी. परत यायला ते इथे मुळात कधी नव्हतंच. ते आणलं गेलं, रांगेत लावलं गेलं, आणि लावणाऱ्यांच्या मनात तेव्हा फुलं नव्हती, शेळी होती.

ही शेळी पुढे वारंवार भेटेल. पुण्याच्या टेकड्यांवरच्या हिरवाईचा माग काढायला निघालं की दर वळणावर ती उभी असते.

आधी टेकड्यांचं बघू. सह्याद्रीचा माथा इथून पन्नास-साठ किलोमीटरवर. तिथे कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पुण्यात पोचेपर्यंत सातशेच्या आसपास उरतो. खाली बेसाल्ट, वर वीतभर मुरूम. अशा जागी घनदाट अरण्य होतं आणि ते कुणीतरी तोडून खाल्लं, अशी आपली समजूत असते. वृक्षारोपणाच्या भाषणांत तर ती हमखास असते. पण एकोणिसाव्या शतकातली पर्वतीची छायाचित्रं पाहा. देवदेवेश्वराचं देऊळ, पायऱ्या आणि भोवती उघडाबोडका उतार. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये देऊळ उभारलं आणि पायथ्याला तळं, बागा केल्या. झाडी होती ती बागांत आणि आमरायांत, पाण्याच्या कडेला. वर गवत. टेकड्यांची नावंही बघण्यासारखी आहेत: वेताळ, म्हातोबा, तुकाई, चतुःशृंगी, हनुमान. सगळ्या देवांच्या, पण कोकणात किंवा मावळात असतात तशा जुन्या राखलेल्या देवराया त्यांच्यावर नाहीत. देव उन्हात बसलेले.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघांनी २०२५ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं, त्याने या समजुतीला चांगलाच धक्का दिला. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोरड्या पट्ट्यात शेकडो वर्षांपूर्वी कोणती झाडं होती, हे शोधायला त्यांनी जुनं मराठी साहित्य चाळलं. संतचरित्रं, ओव्या, आख्यायिका. त्यांत आलेल्या ४४ रानवनस्पतींपैकी २७ निघाल्या उघड्या माळावरच्या, गवत आणि विरळ झाडं असलेल्या मुलखातल्या. निष्कर्ष असा की हा माळ निदान साडेसातशे वर्षं जुना आहे; इंग्रजांनी जंगल तोडल्यामुळे तो तयार झालेला नाही. आपल्याला हे खरं तर ठाऊक असायला हवं होतं. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेची आठवण म्हणून दाखवतात ती तरटी, आणि तरटी ही काटेरी, कोरड्या उघड्या रानातली. तुकोबांचा झाडांवरचा अभंग दर ५ जूनला फलकांवर छापतात, पण ते ज्या भंडाऱ्यावर आणि भामचंद्रावर जाऊन बसत ते डोंगरही गवताचे आणि झुडपांचेच.

टेकडीवर झाड असलं पाहिजे ही कल्पना मग आली कुठून? एक धागा दापोडीला जातो. तिथे मुंबई सरकारची वनस्पती बाग होती, १८२८ पासून. तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन हा पेशाने डॉक्टर. डोंगरउतारांवरची झाडं तुटली की झरे आटतात, नद्या गाळाने भरतात, हे तो सरकारला सतत लिहीत राहिला. १८४७ मध्ये त्याला मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक नेमलं; अशा पदावरच्या देशातल्या पहिल्या माणसांपैकी तो एक. दापोडीच्या बागेतल्या झाडांची त्याने एका देशी चित्रकाराकडून काढून घेतलेली चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत, आणि फार देखणी आहेत. पुढे दापोडीची बाग बंद झाली आणि १८७३ मध्ये गणेशखिंडीला दुसरी उभी राहिली. ती अजून आहे. २०२० मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ ठरवलं.

गिब्सनची काळजी खोटी नव्हती. पण काळजीपाठोपाठ कायदा आला. १८७८ च्या वन कायद्याने डोंगर, कुरणं, पडीक जमिनी राखीव आणि संरक्षित अशा खात्यांत बसवल्या. गावाच्या गायरानावर पहारेकरी आला, जनावर आत शिरलं तर कोंडवाडा आणि दंड. या बदलाकडे पुण्यातूनच, आणि खालच्या बाजूने, एका माणसाने पाहिलं. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर जळजळीत मजकूर आहे. डोंगर-टेकड्या आणि चराऊ रानं सगळी खात्यात घातली आणि शेतकऱ्याच्या शेरडा-करडांना रानात वारा खायलाही जागा ठेवली नाही, असा त्यांचा रोख. पर्यावरणाच्या मराठी इतिहासात हा उतारा फार कमी वेळा येतो. मराठेशाहीतल्या आज्ञापत्रातला आंबा-फणस न तोडण्याचा मजकूर मात्र सगळ्यांना पाठ असतो. कारण उघड आहे: आज्ञापत्र वाचताना वाचणारा राजाच्या बाजूला उभा असतो, आणि फुले वाचताना त्याला शेळीवाल्याच्या शेजारी उभं राहावं लागतं.

भांबुर्ड्याच्या मागच्या टेकड्यांचा मोठा भाग असा वन खात्याकडे गेला. भांबुर्डा म्हणजे आजचं शिवाजीनगर. टेकडीवरच्या वनविहाराच्या नावात ते गाव अजून टिकून आहे. खात्याकडे गेला म्हणजे तिथे लगेच जंगल उगवलं असं नाही. गवत होतं, ते कापलं जायचं, चोरून चरायलाही दिलं जायचं. शहराला दगड हवा होता, म्हणून खाणी निघाल्या. वेताळ टेकडीवरची जुनी खाण आज पाण्याने भरलेली असते आणि लोक तिला तळं समजून तिच्याकाठी डबे उघडतात.

याच काळात टेकडीला तिसरा दावेदार मिळाला: फिरायला जाणारा माणूस. फर्ग्युसन कॉलेज टेकडीच्या पायथ्याशी आलं, १९२४ मध्ये लॉ कॉलेज निघालं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ ला भारत सेवक समाज स्थापन करताना सहकाऱ्यांसह शपथ घेतली ती फर्ग्युसनमागच्या टेकडीवर. तिथला स्तंभ आजही सकाळच्या व्यायामवाल्यांना पाय ताणायला उपयोगी पडतो. त्यात वावगं काही नाही. टेकडी ही पुण्यात कायमच थोडी सभागृह, थोडी तालीम आणि थोडी प्रेमिकांची जागा राहिली आहे. पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे १२ जुलै १९६१ नंतर, शहर नदीकाठ सोडून भराभर पश्चिमेला आणि दक्षिणेला पसरलं. कोथरूड, सहकारनगर, पुढे पाषाण-बाणेर. जी टेकडी शहराच्या वेशीवर होती ती शहराच्या मध्ये आली. शेळीचा रस्ता आणि फिरायला जाणाऱ्याचा रस्ता एकच झाला.

आता ग्लिरिसिडिया. मध्य अमेरिकेत हे झाड कोकोच्या लागवडीत सावलीसाठी लावत. स्पॅनिश लोकांनी ते फिलिपाइन्सला नेलं, चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी ते सिलोनला आलं आणि तिथून भारतात. महाराष्ट्रात शेतकऱ्याला ते बांधावरचं हिरवळीचं खत म्हणून माहीत होतं. शेंगवर्गीय, मुळांवर गाठी, हवेतला नत्र जमिनीत आणणारं. फांदी तोडून रोवली तरी लागते, छाटली की दुप्पट फुटते.

१९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाचं वेगळं संचालनालय निघालं. ते दशकच लक्ष्यांचं होतं: इतके हेक्टर, इतकी रोपं, इतकी जगली. वन खात्याने पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया मुबलक लावला तो याच काळात. त्या वेळच्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिलं तर निवड अचूक होती. उतारावर माती नाही, पाणी घालायला माणूस नाही, दर उन्हाळ्यात वणवा आणि बारा महिने शेळ्या. कडुलिंब लावा, आवळा लावा, पहिल्याच वर्षी शेंडा खुडला जायचा. ग्लिरिसिडियाच्या पाल्याला उग्र वास; इथली जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. आगीत जळला तर बुंध्यातून पुन्हा फुटतो. राखण न करता जगणारं जंगल हवं होतं, ते मिळालं. फुल्यांच्या शेरडा-करडांना हाकलायला आता पहारेकरीही लागला नाही, झाडच पुरलं.

आणि टेकड्या हिरव्या झाल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. विमानातून, गच्चीवरून, पावसाळ्यात तर फारच. पानगळीचा थर साचून वीतभर मुरमावर काळसर माती धरू लागली. पण शेंगा वाळल्या की तडकून बी लांब उडवतात, आणि रांगेत लावलेलं झाड रांग सोडून पसरलं. त्याला पक्ष्यांनी खावं असं फळ नाही. ऐन पावसाळ्यात त्याच्या दाट सावलीखाली गवत धरत नाही. टेकडीचं जे मूळ धन, म्हणजे कुसळी, मारवेल, पवन्या, पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येणारी पांढरी मुसळी, खर्चुडीचे वेल, ते उन्हाचं आहे. त्या गवतावर चंडोल आणि तित्तर होते. त्यांच्या जागी झाडीतले पक्षी आले: स्वर्गीय नर्तक, मोर, आणि मे महिन्यात पावसाच्या तोंडावर काही दिवस थांबून पुढे जाणारा नवरंग. पक्षीनिरीक्षकांना विचारलं तर ते यादी वाढली म्हणतात, आणि ते खरं आहे. वजाबाकीच्या रकान्यातले पक्षी पाहायला मात्र टेकडीवर कुणी पहाटे जमत नाही.

पुढची पायरी लोकांची. टेकडीवर रोज जाणाऱ्या माणसाच्या हातात कधीतरी पाण्याचा कॅन आला. सुरुवात कुणी केली याचा शोध घेण्यात हशील नाही. प्रत्येक टेकडीला आपला आद्य पुरुष आहे आणि प्रत्येकाचे शिष्य ठाम आहेत. निवृत्त बँकवाले, शाळामास्तर, लष्करातून बाहेर पडलेले, सोसायटीतल्या बायका. बाणेरला तुकाई टेकडीवर वसुंधरा अभियानाने २००६ च्या सुमारास काम सुरू केलं आणि उजाड माथा झाडीने भरला. तळजाई, म्हातोबा, रामटेकडी, सगळीकडे असे गट आहेत. काहींना नावही नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप.

हे काम जवळून बघितलं की त्यातली मेहनत कळते. मे महिन्यात खड्डे घ्यायचे. मुरमावर पहार आपटली की पहिल्या वीतभरात ठिणगी उडते आणि हाताला झिणझिण्या. दोन फूट खोल, दोन फूट रुंद असा एक खड्डा म्हणजे सवय नसलेल्या माणसाची अख्खी सकाळ. निघालेला मुरूम परत भरायचा नाही. तो उताराच्या बाजूला बांधासारखा रचायचा. खालून घमेल्यांनी काळी माती आणि शेणखत आणायचं. पहिला दमदार पाऊस मुरला की रोप. ते कमरेएवढं असलं पाहिजे, नाहीतर गवत त्याला गिळतं. खरी परीक्षा दिवाळीनंतर. आळ्यातलं गवत काढून तेच आच्छादन म्हणून पसरायचं आणि होळीपासून जूनपर्यंत आठवड्याला पाच लिटर. पाच लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन चढणारा माणूस प्रत्येक झाडाला ओळखू लागतो. कोणतं रडतंय, कोणतं हट्टी आहे, कुणाचा शेंडा कुणी मोडला. जानेवारीत वन खातं जाळरेषा घेतं, म्हणजे गवताचा पट्टा आधीच जाळून टाकतं, तरी दर वर्षी कुणीतरी पेटती बिडी टाकतं किंवा मुद्दाम काडी लावतं. मग हिरव्या डहाळ्या तोडून आग झोडपायची. ज्या फांद्या या कामाला सर्वांत हाताशी असतात त्या ग्लिरिसिडियाच्या.

त्या झाडावरून टेकडीकरांत दोन तट आहेत आणि ते एकमेकांशी जपून बोलतात. एकांचं म्हणणं, परकं झाड, मुळापासून काढा. दुसऱ्यांचं म्हणणं, त्याच्या सावलीने आणि पाल्यानेच माती झाली. ते विरळ करा, छाटून पाला आळ्यात घाला आणि मधून देशी झाडं वर येऊ द्या. मला दुसरं शहाणपणाचं वाटतं, निदान जिथे उतार तीव्र आहे तिथे. लावायची यादी मात्र आता दोघांची सारखी असते: सालई, मोई, मेडशिंगी, पळस, पांगारा, बहावा, गणेर, हिवर, खैर, काकड. वीस वर्षांपूर्वी याच माणसांनी गुलमोहर लावला होता.

वारज्याला या लोकांच्या धडपडीला सरकारी शिक्का मिळाला. तिथे वन खात्याची उघडी टेकडी होती. खातं, टेरे पॉलिसी सेंटर ही संस्था आणि नागरिक यांनी मिळून तिथे शहरी वन उभं करायचं ठरवलं आणि २०१५ च्या पर्यावरणदिनी त्याचा मोठ्या थाटात प्रारंभ झाला. त्याला स्मृतिवन म्हणतात. घरातलं कुणी गेलं, नातू झाला, लग्नाला पन्नास वर्षं झाली, की एक झाड. कल्पना भाबडी वाटेल, पण चालते; वडिलांच्या नावाच्या झाडाला मे महिन्यात पाणी घालायला मुलगा येतोच. पाच वर्षांनी, जून २०२० मध्ये, केंद्राने नगर वन योजना जाहीर केली: पाच वर्षांत देशभरात दोनशे शहरी वनं. त्या कार्यक्रमात आदर्श म्हणून दाखवलं ते वारजे. १६.८ हेक्टर उजाड जमीन. आता तिथे वनस्पतींच्या २३ जाती, पक्ष्यांच्या २९, फुलपाखरांच्या १५, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या १० आणि सस्तन प्राण्यांच्या ३, असा हिशेब सरकारी प्रसिद्धिपत्रकात दिला आहे. पुण्यातल्या एका टेकडीची रीत अशी देशाची योजना झाली. दापोडीच्या गिब्सननंतर पावणेदोनशे वर्षांनी पुण्याने देशाला वनीकरणात पुन्हा काहीतरी दिलं म्हणायला हरकत नाही.

त्या हिशेबात गवताच्या जातींचा रकाना नाही. स्मृतिवनात गवत बसत नाही, त्याला पाटी लावता येत नाही आणि मंत्र्याच्या हस्ते कुसळी पेरल्याचा फोटोही कुठे छापून यायचा नाही.

रकाना आणखी एक राहिला आहे. लोकसहभाग हा शब्द आता प्रत्येक योजनेत येतो. त्यातले लोक कोण? पहाटे बूट घालून चढणारे, हे उघड आहे. त्यांचा हक्क मी कमी लेखत नाही. १५ एप्रिल २०२३ ला वेताळ टेकडीसाठी हजारो माणसं रस्त्यावर उतरली. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून बोगदे हे महापालिकेचे मनसुबे त्यांना मान्य नव्हते. टेकडीत मुरणारं पाणी खालच्या वस्त्यांच्या विहिरी आणि बोअरना पोचतं, बोगद्याने खडकातल्या त्या वाटा तुटतील, हा त्यांचा मुद्दा नुसता भावनेचा नव्हता. कॅन उचलून उचलून टेकडीशी नातं जडलं नसतं तर इतकी माणसं उन्हात आली नसती.

पण पुण्याच्या सगळ्या टेकड्या वन खात्याच्या नाहीत. १९९७ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, आणि त्यांच्या डोंगरमाथ्यांचं व डोंगरउतारांचं ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यान म्हणून राखून ठेवावं, यासाठी नागरिकांनी आणि वंदना चव्हाण यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी वर्षानुवर्षं जोर लावला. पुण्यात त्याला सगळे बीडीपी म्हणतात. आरक्षण झालं नसतं तर आज तिथे टॉवर असते, यात शंका नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने या आरक्षणावर शिक्कामोर्तब केलं. यातली पुष्कळ जमीन खाजगी, त्या त्या गावच्या शेतकरी कुटुंबांच्या सातबाऱ्यावरची. तिथे त्यांची गुरं-शेरडं चरायची, पावसाळ्यात नाचणी-वरई निघायची. काहींनी ती गुंठा-दोन गुंठ्यांनी विकून टाकली. घेणारे होते रिक्षावाले, कारखान्यातले कामगार, शहरात घर न परवडणारे. मोबदला ठरला आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. तो घ्यायला फारसं कुणी पुढे आलेलं नाही, उतारांवर पत्र्याच्या शेड आणि विटांच्या खोल्या वाढताहेत, आणि जमीन ताब्यात येत नाही तोवर महापालिकेला तिथे झाडासाठी एक खड्डाही घेता येत नाही.